तीन केरी आणि एक जीपीएक्स फाईल

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंड्याच्या एका सायकलवाल्याने सेकंडहँड गार्मिन एज ५३० घेतला, म्हणजे सायकलच्या हँडलवर बसून वाट दाखवणारे जीपीएस यंत्र. लॅपटॉपवर फोंडा ते चोर्ला घाट आणि परत असा रूट आखला, त्या वाटेची जीपीएक्स फाईल उतरवली, यंत्रात टाकली, तर ती यादीत दिसेना. खटपटी करून एकदा दिसली, पण वाटेत एकही वळण सांगेना. आणि एक फाटा चुकल्यावर घाट राहिला बाजूला, यंत्र म्हणायला लागले घरी चला. त्याचे विचारणे असे की, आखायला दुसरे अ‍ॅप घेऊ का?

अ‍ॅप बदलू नका. बदललेत तर हीच तिन्ही दुखणी नव्या रंगात दिसतील. तुमच्या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकांत गुंतल्यात: फाईल यंत्रात पोचली का, फाईलच्या पोटात नेमके काय आहे, आणि रेघ मुळात बरोबर रस्त्यावरून गेली आहे का. सगळे जण पहिलीवर अडून बसतात, कारण तिथे काहीतरी 'चालत नाही' असे डोळ्यांना दिसते. खरा घोळ तिसरीत असतो आणि तो दिसत नाही. मी म्हापशाच्या आमच्या रविवारच्या टोळक्यासाठी बरीच वर्षे रूट आखतोय. फाईल न चढल्याने राइड बुडाली असे क्वचितच झाले. चुकीची फाईल अगदी व्यवस्थित चढली म्हणून सगळ्यांची शोभा झाली, असे मात्र झालेय. त्याची गोष्ट पुढे येईल.

आधी सोपे उरकू. एज ५३० ला मायक्रो यूएसबी लागते. घरात पडलेल्या मोबाइलच्या केबलींपैकी बऱ्याच फक्त चार्जिंगच्या असतात; त्यांच्या पोटात डेटाच्या तारा नसतातच. यंत्र जोडल्यावर लॅपटॉपवर पेनड्राइव्हसारखे उघडले नाही, तर पहिला संशय केबलवर. उघडले की गार्मिन नावाचा फोल्डर, त्यात न्यूफाइल्स. फाईल तिथेच टाकायची, कोर्सेस नावाच्या फोल्डरमध्ये नाही (आखलेल्या वाटेला गार्मिन कोर्स म्हणते). मला वाटते तुम्ही नेमके हेच केले असणार, कारण नावावरून कोर्सेस हीच योग्य जागा वाटते. यंत्राची रीत वेगळी आहे: न्यूफाइल्समध्ये आलेले ते चालू होताना वाचते, आपल्या फिट नावाच्या फाईल-प्रकारात बदलते आणि मग स्वतःच्या हाताने कोर्सेसमध्ये ठेवते. केबल ओढून काढू नका, आधी इजेक्ट करा. पुन्हा जोडल्यावर फाईल न्यूफाइल्समध्येच पडून असेल, तर यंत्राला ती वाचता आलेली नाही असे समजा.

आणखी एक. यादीत दिसणारे नाव हे फाईलचे नसते, फाईलच्या आत लिहिलेल्या रूटचे असते. तुम्ही बाहेर 'चोर्ला फायनल' असे बदललेत आणि आत 'अनटायटल्ड' राहिले, तर यादीत शोधत बसाल. आखतानाच रूटला छोटे, रोमन अक्षरांतले नाव द्या. केबलचा कंटाळा असेल तर फोनवर ती जीपीएक्स गार्मिनच्याच कनेक्ट या अ‍ॅपमध्ये उघडा, कोर्स म्हणून साठवा आणि यंत्राकडे पाठवा. मी हल्ली हेच करतो. ५४०, ८४०, १०४० अशी पुढची यंत्रे मॅकवर ड्राइव्ह म्हणून सरळ दिसत नाहीत, त्यामुळे ज्यांच्याकडे ती आहेत त्यांना फोनच बरा. वाहू, ब्रायटन अशा दुसऱ्या कंपन्यांची यंत्रे वापरणाऱ्यांचा मार्गही आपापल्या अ‍ॅपमधूनच जातो. आणि यंत्र सेकंडहँड आहे, तेव्हा जुन्या मालकाच्या खात्यातून ते निघालेय ना, हे आधी विचारून घ्या.

सेकंडहँड म्हटल्यावर मला दुसरीच शंका आली होती, की परदेशातून आलेले असेल तर आत तिकडचा नकाशा असेल आणि गोवा म्हणजे कोरा पडदा. पण तुमचे यंत्र रस्ता चुकल्यावर नवा मार्ग शोधून घरी चला म्हणाले. इथला नकाशा आत नसता तर त्याला तेवढेही जमले नसते. तेव्हा ती शंका सोडून देऊ.

आता फाईलच्या पोटात काय असते ते. जीपीएक्स म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडून बघाच एकदा, भीती जाते. एकाखाली एक शेकडो ओळी, प्रत्येकीत अक्षांश, रेखांश आणि उंची. बास. आपल्याकडचा अक्षांश १५ च्या अलीकडेपलीकडे, रेखांश ७३ किंवा ७४ ने सुरू होणारा. 'डावीकडे वळा' असे तिथे कुठेही लिहिलेले नसते. म्हणून वळणे सांगेना.

या बिंदूंचे दोन प्रकार असतात. आपण बोलताना ज्याला रूट म्हणतो, तो फाईलच्या भाषेत बहुधा ट्रॅक असतो. ट्रॅक म्हणजे पूर्ण काढलेली रांगोळी, रेघ न् रेघ आखलेली. फाईलच्या भाषेतला रूट म्हणजे नुसते ठिपके, ते कसे जोडायचे हे यंत्राच्या मर्जीवर. तुम्ही घरी बसून हमरस्ता टाळून गावातली वाट निवडलीत आणि यंत्राला नुसते ठिपके दिलेत, तर ते तुम्हाला परत हमरस्त्यावर आणून सोडू शकते. म्हणून उतरवताना नेहमी ट्रॅक.

वळणे हवीत तर जीपीएक्सऐवजी टीसीएक्स किंवा फिट या फाईल-प्रकारांत उतरवा. राइड विथ जीपीएस या रूट आखायच्या साइटवर दोन्ही मिळतात, राइड नोंदवायच्या स्ट्राव्हाच्या वेबसाइटवर टीसीएक्स मिळते. या फायलींत रेघेच्या जोडीला सूचनांचे बिंदू ठेवता येतात: इथे डावीकडे, इथे पाणी. टीसीएक्समध्ये अशा बिंदूच्या नावाला दहाच अक्षरे मिळतात, तेव्हा 'केरीच्या दुकानात पाणी भरणे' असले लांबलचक काही लिहू नका. जीपीएक्सच वापरायची असेल तर यंत्रातले टर्न गायडन्स चालू करा. मग ते तुमची रेघ स्वतःच्या नकाशावर ठेवून वळणे ओळखते. चालते, पण नकाशातला रस्ता आणि तुमची रेघ जराशी जरी इकडेतिकडे असली तरी सरळ रस्त्यावर 'वळा, वळा' सुरू होते. मला ते नको वाटते.

'घरी चला' का म्हणाले, तेही यातच आले. फोंड्याहून फोंड्याला असा रूट म्हणजे शेवटचा बिंदू तुमच्या घराशी. रेघ सुटल्यावर यंत्र नवा मार्ग शोधायला लागले की घाटापर्यंत जाऊन मग घरी यायचे, हा तुमचा उद्योग त्याला कळत नाही. मुक्कामाला पोचवणे एवढेच त्याला ठाऊक. अ‍ॅक्टिव्हिटी प्रोफाइलच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये राउटिंगखाली रीकॅल्क्युलेशन आहे, ते बंद करा. रेघ सुटल्याचा इशारा मात्र चालू ठेवा. मग चुकलात की यंत्र फक्त ओरडेल, शहाणपणा करणार नाही. पडद्यावर रेघ दिसत असतेच, मागे फिरून तिच्यावर यायचे.

शिवाय चोर्ला म्हणजे जाण्यायेण्याचा रस्ता एकच. अशा फाईलमध्ये एकाच रस्त्यावर दोन रेघा एकमेकींवर पडतात, आणि चढतानाच यंत्राला वाटू शकते की तुम्ही परतीच्या रेघेवर आहात. मी सरळ दोन फायली करतो: 'चोर्ला वर', 'चोर्ला खाली'. माथ्यावर चहा होईपर्यंत दुसरी लावून होते.

इथपर्यंत यंत्राचे झाले. आता रेघेचे.

मघाशी म्हटलेली गोष्ट अशी. सहा जण होतो, म्हापशाहून चोर्ला. रूट मी रात्री अकरा वाजता आखला. शोधायच्या चौकटीत केरी टाकले, पहिले आले ते निवडले, रेघ उमटली, फाईल सगळ्यांना पाठवली. पहाटे साडेपाचला निघालो तर पहिल्याच चौकात यंत्र शिवोलीकडे बोट दाखवतेय. जायचे अस्नोडा, डिचोली, साखळी असे. शिवोली अगदी उलट्या दिशेला. मला वाटले उपग्रह अजून पकडले नसतील. दुसऱ्याने बघितले, त्याचेही तेच. सहाच्या सहा यंत्रे एकमताने समुद्राकडे. मी निवडलेली केरी पेडण्यातली, तेरेखोलच्या फेरीबोटीची. घाटाच्या पायथ्याची केरी सत्तरीतली. आणि तिसरी तुमच्याच तालुक्यात, विजयादुर्गेच्या देवळाची. तुमच्या फोंड्याच्या लोकांना तर ही चूक होण्याचा धोका जास्त, कारण यादीत जवळची केरी आधी येऊ शकते.

यातली मला लाज वाटायला लावणारी गोष्ट दुसरीच. एकूण चढ किती, तो आकडा पडद्यावर रात्रीच दिसत होता आणि तो एका घाटाला पुरेल एवढा नव्हताच. मी तो बघितला आणि 'बरे झाले, सोपे आहे' म्हणून झोपलो. (त्या दिवशी आम्ही समुद्राच्याच केरीला गेलो, फेरीबोटीने तेरेखोलला उतरलो, मजा आली. पण अजून कोणी मला पहिल्यांदा भेटले की 'कुठली केरी?' असे विचारते.)

तर गोव्यात नावावर भरवसा ठेवायचा नाही. सुर्लाही दोन आहेत, एक डिचोलीच्या खाणपट्ट्यात, दुसरे वर चोर्ल्याजवळ डोंगरावर, आणि तुमच्या रूटच्या दृष्टीने दोन्ही घातक. त्यात रोमन हिज्जे पोर्तुगीज वळणाचे. साखळी, डिचोली, केपे ही गावे नकाशावर ओळखू येणार नाहीत अशा अक्षरांत लपलेली असतात. मी आता नाव शोधतच नाही. नकाशा मोठा करून माहीत असलेल्या खुणेवर टिचकी मारतो. चोर्ल्यासाठी ती खूण म्हणजे अंजुणे धरण. धरणाचे पाणी रेघेच्या शेजारी दिसले की केरी बरोबर.

तुमच्यासाठी मी उसगाव, साखळी, पर्ये, केरी असे टप्पे हाताने ठेवीन. टोकाचे दोनच बिंदू देऊन मधले अ‍ॅपवर सोडू नका; ते जवळचा रस्ता म्हणून पाळी-सुर्ल्याच्या बाजूने खाणींच्या रस्त्यांत घालू शकते. हे रस्ते नकाशावर झकास दिसतात, रुंद आणि सरळ. प्रत्यक्षात कुठे फाटक, कुठे नुसती लाल माती, कुठे पुढे खंदक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि ट्रक थांबले, तेव्हा त्या भागात सायकल घेऊन जाणारे वाढले. लोकांच्या राइड जमवून बनवलेल्या 'हीटमॅप'वर अशा वाटा अजूनही उजळलेल्या दिसू शकतात. कोणीतरी गेले एवढे तो नकाशा सांगतो. कधी गेले, कुठल्या टायरवर गेले, आणि परत आले की नाही, ते सांगत नाही.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालणारी कोमूट, बीराउटर अशी रूट आखायची साधने मला आवडतात, कारण त्यांत पायवाटासुद्धा असतात. पण पायवाट असणे हाच गोव्यात सापळा. खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीतले, बांध त्यात छान रेघांनी दाखवलेले असतात. चोडण, दिवाडी, हळदोणे, सगळीकडे. जानेवारीत हायब्रिड सायकलवर त्या बांधांवरून जाण्यासारखे सुख नाही. एका बाजूला खाडी, दुसरीकडे शेत, मध्ये मानशीपाशी, बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, कोणीतरी गळ टाकून बसलेला. जुलैमध्ये त्याच बांधावर चिखलात सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेव्हा रूट बरोबर की चूक, हे महिन्यावर आणि टायरवर ठरते. अ‍ॅपला महिना कळत नाही. २३ मिलिमीटरचे टायर असतील तर आखतानाच रोड बाइक असा पर्याय निवडा आणि शंकेची प्रत्येक जागा उपग्रहाच्या चित्रात मोठी करून बघा. पांढुरकी रेघ म्हणजे डांबर, तांबडी म्हणजे विचार करा.

पणजीकडे कधी आलात तर मांडवीच्या पुलांवर रेघ हमखास घसरते. अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे आणि तो जुन्या पुलांना अगदी लागून, नकाशावर सगळे पूल जवळपास एकाच रेघेत. टिचकी किंचित इकडे पडली की रेघ वरच्या पुलावर जाऊन बसते, आणि मग ती सुरू होते आणि संपते तिथले फाटे वेगळे येतात. तिथे एवढे मोठे करून बघायचे की दोन पुलांमधली फट दिसली पाहिजे. रायबंदर-चोडणसारखी फेरी असेल, तर काही अ‍ॅप तिला रस्ता मानतच नाहीत आणि तुम्हाला मोठा वळसा घालायला लावतात. अशा वेळी रस्त्याला चिकटणे बंद करून पाण्यावर सरळ रेघ ओढा, पलीकडच्या धक्क्यावर पुन्हा चालू करा. एक गंमत: चाकावर स्पीड सेन्सर असेल तर फेरीतले अंतर धरले जात नाही आणि ऑटो पॉज होऊन नोंदही थांबते. नुसत्या जीपीएसवर असाल तर बोटीच्या वेगाने तुम्ही 'सायकल चालवता'. आमच्यातल्या एकाने असे बरेच किलोमीटर कमावलेत.

उंचीबद्दल. आखताना दिसणारा चढाचा आकडा आणि घरी आल्यावर यंत्राचा आकडा जुळणार नाही, त्यावरून डोके फोडू नका. अनेक साधने ज्या उंचीच्या माहितीवर चालतात ती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानावरच्या रडारने मोजलेली आहे, साधारण ३० मीटरच्या चौकटींत. रडारला रस्ता दिसत नाही. दाट रान किंवा कुळागर असेल तर माडापोफळींचे शेंडे दिसतात. पुलावर पुलाऐवजी खालचे पाणी धरले जाऊ शकते. घाटात तर रेघ रस्त्यापासून पाच-दहा मीटर सरकली तरी ती कड्याच्या शेजारच्या चौकटीत जाते, आणि आलेखात खोटे खड्डे आणि उंचवटे उमटतात. ते सगळे बेरजेत धरले की चढ फुगतो. यंत्रातला वायुदाबाचा सेन्सर त्यापेक्षा भरवशाचा, फक्त पावसाच्या सरीत छिद्रात पाणी गेले की तोही बहकतो. आकड्यापेक्षा आलेखाचा आकार बघा. चोर्ल्याचा आकार म्हणजे केरीपर्यंत चढउतार आणि मग एकच लांब कूस. तसा नसेल तर रेघ दुसरीकडे गेली आहे.

पैशाचे म्हणाल तर ते तुम्ही महिन्याला किती नवे रूट आखता त्यावर आहे. स्ट्राव्हावर आखायला वर्गणी लागते. बीराउटर फुकट आहे आणि रेघ उत्तम देते, दिसायला जरा रुक्ष. गूगल मॅप्सवर शोधलेला मार्ग जीपीएक्स म्हणून सरळ उतरवता येत नाही, त्यामुळे तो फक्त बघायला वापरा. तुम्ही फोंडा, उसगाव, सत्तरी एवढेच फिरणार असाल तर खरे तर चार-पाच रूट आखून कायमचे ठेवले की झाले. आमच्याकडे पहाटे भोंपू वाजवत येणारा पदेर कुठलेच अ‍ॅप न लावता अख्खा वाडा फिरतो, अंधारात, मागे पावांची टोपली घेऊन. यंत्र लागते ते अनोळखी मुलखात.

घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही. यंत्राला रेंज लागत नाही, ते सरळ उपग्रहांकडून ऐकते, त्यामुळे तिकडे काळजी नको. फोनवर मात्र घरूनच ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, आणि केरीत दोन्ही बाटल्या भरा.

शनिवारी संध्याकाळी, रविवारी पहाटे नव्हे, अंगणात यंत्र चालू करून कोर्स उघडा. तीन गोष्टी बघा: एकूण अंतर लॅपटॉपवरच्या अंतराशी जुळते का, आलेख शेवटाकडे आभाळाला भिडतो का, आणि नकाशा लहान केल्यावर रेघ सूर्य उगवतो त्या बाजूला झुकते की मावळतो त्या. वळणाची सूचना तपासायला गल्लीतून एक फेरी मारा, दोन कोपरे वळा.

तुम्ही लिहिलेय की तो फाटा चुकल्यावर यंत्र भलतीकडे नेत होते. फाटा कुठला ते लिहिलेले नाही. मला राहून राहून वाटतेय की फाटा तुम्ही चुकलाच नव्हता. आज घरी गेल्यावर फाईल नोटपॅडमध्ये उघडा, साधारण मधल्या ओळीतला अक्षांश आणि रेखांश नकाशावर टाका, आणि शेजारी अंजुण्याचे पाणी दिसते की विजयादुर्गेचे देऊळ, ते मला कळवा.